खालानं बाटलीचं झाकण उघडलं

मागच्या महिन्यात लासुर्ण्याहून माझी खाला, म्हणजे आईची मोठी बहीण, बारामतीला आमच्या लॅबमध्ये आली होती... केळ बघायला.

लॅब टिश्यू कल्चरची. झाडाचा नखाएवढा कोवळा गाभा काढायचा, काचेच्या बाटलीत जेलीसारख्या खाद्यावर ठेवायचा आणि त्याला फुटवे येताना बघत बसायचं. मी इथं इतकी वर्षं काम करते, तरी सकाळी बाटल्यांच्या रॅकसमोर उभी राहिले की अजून नवल वाटतं. मातीचा कण नाही, वारा नाही, आणि तरी हिरवंगार!

खालाच्या दारात मोरीच्या पाण्यावर वाढलेलं देशी केळीचं बेट होतं. बुटकी, पातळ सालीची, जराशी आंबट केळी. रमजानमध्ये इफ्तारला गल्लीतल्या प्रत्येक घरी ती जायची, मग ते घर कुणाचंही असो. ही जात मी बाजारात कधी पाहिली नाही.

त्या बेटाला पर्णगुच्छ झाला. म्हणजे पानं शेंड्याला झुपक्यासारखी गोळा होतात, घड येत नाही, आणि बुडातून फुटणारा मुनवाही तोच रोग घेऊन वर येतो. शिवाय मावा नावाची बारीक कीड तो रोग शेजारच्या केळीवर नेते. आजूबाजूला लोकांचे प्लॉट, म्हणून मीच खालाला सगळं बेट उपटून गाडायला लावलं. बरेच दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही.

उपटायच्या आधी त्यातले बरे दिसणारे मुनवे मी लॅबमध्ये आणले होते. आमच्या मॅडमनी परवानगी दिली, गाभे लावले, तपासणीत रोग निघाला नाही. पण मोरीकडचे मुनवे ते... कितीही धुतले तरी आत जंतू दडलेलेच. एकेक बाटली बुरशीनं पांढरी होत गेली आणि शेवटी एक उरली. खालाची अख्खी केळ आता त्या एका बाटलीत होती.

बाहेरच्या माणसाला आत सोडत नाहीत, म्हणून मी बाटलीच ऑफिसात आणली आणि खालाच्या हातात दिली. तेवढ्यात कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या भुशाची गाडी आली म्हणून गेटपर्यंत गेले. परत येऊन बघते तर झाकण टेबलावर, आणि खाला ओढणीच्या टोकानं बाटलीचं तोंड आतून पुसतेय!

"अगं, जीव गुदमरत हुता त्याचा. घाम बघ किती सुटलाय झाकनाला," ती म्हणाली. "वाईच पानी बी घातलंय."

माझं डोकंच सणकलं. काय काय बोलले ते इथं लिहीत नाही... ऑफिसमधली सगळी माना वळवून बघायला लागली, एवढं सांगते. खालानं बाटली हळूच टेबलावर ठेवली.

"मेलं का गं ते आता?"

त्या आवाजानं माझा राग कुठल्या कुठं गेला. मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. म्हटलं, मेलं नाही, पण या जेलीत साखर असते, आता बुरशी शिरली की दोन-चार दिवसांत सगळं खाऊन टाकेल. आणि बाहेर काढलं तर पानं लुळी पडतील. पानाला बारीक बारीक तोंडं असतात, पाणी कमी पडलं की झाड ती मिटून घेतं. बाटलीत कायम दमट हवा, त्यामुळं या पानांना तोंड मिटायची सवयच लागलेली नसते.

खालानं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "मग ती सवय लावायची कशी?"

मॅडम दारात उभं राहून ऐकत होत्या. म्हणाल्या, अजून मुळं पुरेशी नाहीत, पण थांबण्यात अर्थ नाही. आजच काढू.

कोमट पाण्यात जेली धुतली, फुटवे वेगळे केले, कोकोपीटच्या कपात लावले आणि प्रत्येकावर पारदर्शक पिशवी बांधली. शेडनेटच्या सावलीत ठेवले. दर थोड्या दिवसांनी पिशवीला एक भोक जास्त पाडायचं, म्हणजे पानाला बाहेरची हवा थोडी थोडी कळत जाते. खाला रोज सकाळी फोन करायची... "आज भोक पाडलंस का?" माझी तब्येत विचारायला तिला आठवायचंच नाही.

बरेचसे फुटवे सडले. काही माना टाकून वाळले. एक रोप मात्र तगलं. ज्या दिवशी भर दुपारी पिशवी काढूनही त्याची पानं ताठ राहिली, त्या दिवशी मी खालाला व्हिडिओ कॉल लावला. म्हटलं, कधी येतेस न्यायला?

तिनं फोन डोळ्यांजवळ नेऊन पानं बघितली. मग म्हणाली, "माझ्या दारात नगं. तितं मावा हाय, पुन्यांदा रोग लागंल. तू पणदऱ्याला तुझ्या दारात लाव, तितं जवळपास केळी न्हाईत. आमी येऊ बघाया."

त्या केळीसाठी इतकं झुरलेली बाई हे बोलली. फोन ठेवल्यावर मी शेडनेटमध्येच डोळे पुसले.

काल रोप लावलं. खाला पहिल्या एसटीनं आली होती. खड्डा तिनंच उकरला, शेणखत तिनंच कालवलं. पण रोप बाहेर काढायची वेळ आली तशी ती मागं सरली आणि हात पाठीमागं घेऊन लांब उभी राहिली.

मी म्हटलं, खाला, ये ना, धर.

"नगं बाई. माझा हात लागंल त्याला."

मी तिचा हात ओढून आणला आणि पानावर ठेवला. बराच वेळ तिनं तो काढला नाही.