दिव्याखालचा पतंग

माझे काका शिंपी. हाताला सफाई, पण स्वभाव अडेलतट्टू. दुकानाच्या दिव्यावर येऊन मेलेले पतंग ते रोज सकाळी वेचत आणि खोक्यात टाचणीने लावून ठेवत. मी त्यांना पतंगांचं एक पुस्तक आणून दिलं. त्यातल्या चित्रांशी त्यांचे पतंग जुळत नसत, आणि दोष ते पुस्तकाला देत.

एकदा फारच देखणा पतंग मिळाला. पुढचे पंख काळे, त्यावर पिवळट पट्टा, मागचे नारंगी. काकांनी पुस्तक तीनदा चाळलं, मला बोलावलं आणि दार लोटून म्हणाले, "नवी जात आहे ही. शोधणाऱ्याला नाव ठेवता येतं. मी तुझ्या काकूचं ठेवणार."

लग्नाला चाळीस वर्षं झाली होती, पण काकांनी काकूला नावाने हाक मारलेली कुणी ऐकली नव्हती. सगळा संसार 'अगं'वर निभावलेला. तोंडाने जमलं नाही ते आता छापून आणायचं होतं. मला हसू आलं आणि रडूही. काका बघत होते म्हणून मी दोन्ही गिळलं.

खोका घेऊन आम्ही कॉलेजात गेलो. कीटक शिकवणाऱ्या बाईंनी भिंग हातात घेतलं, परत ठेवलं आणि चिमट्याने पतंग पालथा केला. वरून तो वाळक्या पानासारखा तपकिरी होता, पानाच्या शिरेसारखी रेघसुद्धा होती.

"हा रानात असतो, बागेतही असतो. अगदी नेहमीचा," बाई म्हणाल्या. "तुम्ही उताणा टोचलाय."

काकांनी शांतपणे सांगितलं की कापड आखायला उलटी बाजूच वर घेतात, सुलट्या बाजूवर खडू कोण ओढतो? खोक्यातले दोनशेच्या दोनशे पतंग उताणे होते.

आठवडाभर काकांनी खोका उघडला नाही. धड जेवलेही नाहीत.

परवा सकाळी मी त्यांच्या घरी गेले तर काका मागच्या बागेत उभे. झाडाच्या खोडावर तोच तपकिरी पतंग, जिवंत, पाठ वर. काकांनी इकडेतिकडे पाहिलं. मी कोपऱ्यावर होते, त्यांना दिसले नाही. मग त्यांनी हळूच पतंगाला काकूच्या नावाने हाक मारली.

जवळच्याच स्वयंपाकघराच्या खिडकीत काकू भांडी घासत होती. तिचे हात थांबले. ती ओल्या हातांनीच दारात आली.

"मला हाक मारलीत?"

काका पतंगाकडे बघतच म्हणाले, "हो."