एका दमात

माझे बाबा तरुणपणी कबड्डीत चढाई करायचे. उंची बेताची, अंग काटक, पण दम असा की समोरचे सातही गडी वैतागून जायचे म्हणे. हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलंय, त्यामुळे त्यातलं थोडं वजा करायला हरकत नाही. आमचं घर कोष्ट्यांचं. बाबा लहानपणी आजोबांच्या मागावर बसले, माग बंद पडला तेव्हा एका कापड दुकानात लागले, आणि रोज संध्याकाळी मैदानावर. आता माग नाही, दुकान नाही, मैदानाच्या जागी मंगल कार्यालय आहे. कबड्डी तेवढी उरली आहे, तीही चहाच्या आधी, नंदनवन वस्तीतल्या आमच्या घराच्या गच्चीवर.

जिन्याच्या दाराशी उभं राहून बाबा छातीभर श्वास घेतात आणि 'कबड्डी, कबड्डी' सुरू करतात. पलीकडच्या टोकाला पाण्याची टाकी आहे. तिला हात लावून, दम न सोडता दाराशी परत यायचं. टाकी म्हणजे विरुद्ध संघ. मी खाली दात घासताना ऐकत असतो. पूर्वी ते परत यायचे आणि वर थोडा दम शिल्लक राहायचा. मागच्या दिवाळीनंतर परतताना आवाज तुटायला लागला. उन्हाळ्यात तर टाकीपाशीच. मग खोकला. मग आईचा खालून आवाज, "पुरे करा ना जी आता!" वरून उत्तर यायचं नाही. उत्तर द्यायलाही दम लागतो.

आमच्या पूर्वेला अख्ख्या शहराचा कचरा पडतो. उन्हाळ्यात तो पेटतो, की पेटवला जातो, ते कोणी सांगत नाही. आई वाळलेले कपडे झटकून घरात आणते, त्यातले काही परत भिजवते. वास उशांत शिरतो, वरणात शिरतो. पाहुण्यांनी नाकाला रुमाल लावला की मगच आम्हाला आठवतं, अरे हो, वास येतोय. मला याचा संताप येतो आणि त्या संतापाचं लोणचं घालायचं का, हे कळत नाही. एकदा महापालिकेच्या ॲपवरून तक्रार केली. ते ॲप इतकं वाईट लिहिलेलं होतं की कचरा राहिला बाजूला, त्याच्यावरच चिडून बसलो.

कारण माझा धंदाच तो. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, मिहानमधल्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअर लिहितो. सध्याचं काम परदेशातल्या मनगटी घड्याळांचं. दिवसातून काही वेळा घड्याळ थरथरतं आणि त्यावर एक निळं वर्तुळ येतं. ते फुगेल तसा श्वास आत घ्यायचा, आकसेल तसा सोडायचा. माणसांना श्वास घ्यायची आठवण करून देणं, यावर माझं घर चालतं. त्या निळ्याची छटा कोणती असावी, यासाठी आम्ही एक अख्खी दुपार घालवली आहे.

एका रविवारी ते घड्याळ बाबांच्या हातावर बांधलं. वर्तुळ फुगू लागलं. बाबांनी श्वास घेतला. त्यांचा संपला तरी वर्तुळ आपलं फुगतच होतं. त्यांनी पुन्हा घेतला, तोवर ते आकसायला लागलं.

"हे कोणासाठी बनवून राहिला गा तू?"

"ज्यांना टेन्शन असतं त्यांच्यासाठी."

"टेन्शनवाल्याले एवढा दम असते?"

मला हसू आलं, आणि लगेच हसल्याची लाजही वाटली. दुसऱ्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "दम कधी लागतो?" बाबा म्हणाले, "लागत नाही साहेब. माहा दम त पुऱ्या मोहल्ल्यात नंबर एक होता." डॉक्टर हसले नाहीत. तपासण्या झाल्यावर मला एकट्याला आत बोलावून म्हणाले, "औषधं देतोय. पण ती हवा सोडली नाही, तर औषधं पुरी पडणार नाहीत."

मी मिहानच्या बाजूला एक फ्लॅट पाहिला. आई तयार होती. बाबा ऐकेनात.

"मी काहून जाऊ? दम तुटायचाच असन त आपल्या अंगणात तुटू दे. दुसऱ्याच्या अंगणात तुटला का गडी बाद."

कबड्डीचा नियमच तो. त्याच्यापुढे मी काय बोलणार? तरी महिनाभर बोलत राहिलो. समजावलं, भांडलो, आईला मध्ये घातलं. पालथ्या घड्यावर पाणी.

गेल्या आठवड्यात सकाळी वरचा आवाज टाकीच्याही आधी तुटला. मी ब्रश टाकून गच्चीवर धावलो. बाबा कठड्याला धरून उभे होते. मला इतका राग आला की त्यांना पाणी द्यायचंही सुचलं नाही.

"टाकीपर्यंतसुद्धा जात नाही तुम्ही. अजून किती हट्ट?"

"तू करून दाखव," ते म्हणाले.

मी दर रविवारी धरमपेठेत ऑफिसच्या लोकांबरोबर बॅडमिंटन खेळतो. हल्ली तिसऱ्या गेमला धाप लागते. सगळे म्हणतात पोट कमी कर, मीही तेच समजून चाललो होतो. त्यामुळे बिनधास्त जिन्याच्या दाराशी गेलो, श्वास घेतला आणि निघालो. कबड्डी, कबड्डी. मध्यापर्यंत ठीक गेलं. मग छातीत काहीतरी आवळलं आणि शब्द घशातच अडकला. टाकी हातभर पुढे राहिली. खोकला आला तो थांबेना. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. रोज सकाळी दात घासताना मी तोच ऐकत आलो होतो.

बाबा आधी हसले. "बाद!" म्हणून हात वर केला. मग तो हात हळूहळू खाली आला.

"केव्हापासून होऊन राहिलं तुले हे?"

ते माझ्याजवळ आले, पाठीवर हात ठेवला आणि पूर्वेकडे बघत राहिले. तिकडे रोजच्यासारखाच धूर होता. अंगणाचं ते काही बोलले नाहीत.

"फ्लॅट घे," म्हणाले. दोनच शब्द, पण मध्ये त्यांना श्वास घ्यावा लागला.