मूठभर अक्षता

झरीच्या रस्त्याला विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरून देणारा हा माणूस तांब्याच्या तारेचे वेढे मोजत मोजतच बोलतो. "एकेचाळीस. बसा सर. बेचाळीस." आकडा चुकलेला मी कधी ऐकला नाही.

पुण्याच्या दिवाणखान्यात घडणारं एक जुनं प्रेमाचं विनोदी नाटक त्यानं यंदा आमच्याकडच्या कापसाच्या जिनिंगमध्ये घडतंय असं करून गावात बसवलं. नायकाच्या कामाला पाटलांचा पुतण्या, नायिका भीमनगरातल्या, आमच्या शाळेच्या बाई.

पाटील दुकानात आले. "नाटक कर, पण शेवटचं लग्न काढून टाक." मी चहात बघत बसलो.

"साठ. लग्नाबिगर हे नाटक संपत न्हाई. एकसष्ट."

प्रयोगाला तो स्वतः दारात उभा राहून प्रत्येकाच्या हातात हळद लावलेली ज्वारी आणि झेंडूच्या पाकळ्या ठेवत होता. समोर आलेल्या अक्षतांना नको कोण म्हणणार? पाटलांनीही मूठ मिटली. शेवटी दोघांच्या गळ्यात हार पडले आणि सवयीनं सगळ्यांचे हात वर गेले. पाटलांचाही.

सकाळी ते तणतणत आले. "आमच्याकडून अक्षता टाकून घेतोस व्हय रे?"

त्यानं पहिल्यांदाच तार खाली ठेवली.

"मूठ मी भरली, पाटील. उघडली तुमी."