गोग्रासाची ट्रॉली

मंदाबाई पंगतीत शिरली की भल्याभल्यांचे हात आपोआप पानाकडे वळत. टाकायचा म्हणून बाजूला सारलेला बट्टीचा तुकडा निमूट वरणात बुडवला जाई. बाई तोंडाची फटकळ होतीच, त्याहून वाईट म्हणजे हट्टी होती. पानात काही उरलं असेल तर ती पान उचलायचीच नाही. कमरेवर हात ठेवून समोर उभी राहायची. मागे दुसरी पंगत ताटकळत असे, यजमान घाम पुसत येई, आणि तो पाहुणा सगळ्या मांडवाच्या नजरा झेलत उरलेलं गिळत बसे. एकदा नवरदेवाच्या मामाने बट्टीचे तीन तुकडे आणि मूठभर बुंदी पानात ठेवून हात धुतले होते. मामा म्हणाला, पोट भरलं. तिने विचारलं, मग वाढून घेताना कोणाचं पोट बघत होतास? मामा रुसला, नवरदेव रुसला, पण दुसरी पंगत काही बसेना. शेवटी मामाने खाल्लं आणि पुढे जन्मभर त्या गावात लग्नाला गेला नाही.

नरडाण्याहून शिंदखेड्याकडे जाताना रस्त्याला लागून तिचं गाव. नवरा गेला तेव्हापासून सव्वीस वर्षं आजूबाजूच्या गावांतल्या लग्नांत, तेराव्यांत, भंडाऱ्यांत उष्टी पानं उचलायचं काम तिच्याकडे होतं. हे काम हलकं, असं लोक समजत. लोकांना काय, खूप काही समजतं. मंदाबाई पानं उचलतानाच तीन टोपल्या करायची. कोणी हात न लावलेली बट्टी एका टोपलीत, ती ऊसतोड्यांच्या पालांवर जाई. वरण, भात, भाजी दुसऱ्या टोपलीत, ते म्हशींना. पळसाची पानं तिसरीत. त्यातली काही गुरं चघळत, बाकीची उकिरड्यात कुजून वर्षाने शेतात जात. हजार माणूस जेवून उठलं तरी संध्याकाळी मांडवाखाली फक्त सडा घालायचा उरे.

घरात दुसरं कोणी नव्हतं. एक गाय होती, मोरी. तिच्या दुधावर मंदाबाईने बारा वर्षं काढली. मोरी म्हातारी झाली, आटली, आणि घरची वैरण पुरेना. खाटकाचा दलाल दोनदा दारात येऊन गेला, दोन्ही वेळा शिव्या खाऊन गेला. मग तिने मोरीला गावाबाहेरच्या, भाकड गुरं सांभाळणाऱ्या पांजरापोळात नेऊन बांधलं. तिथले शालिग्रामनाना निवृत्त मास्तर, गाईंच्या पाठी खाजवत दिवस काढणारा माणूस. मंदाबाई रोज दुपारी पेंढीभर गवत घेऊन तिकडे जायची आणि मोरीशी अशा काही गोष्टी बोलायची की नाना मुद्दाम लांब जाऊन बसत.

चौऱ्याण्णव सालच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावात समाजाचा सामुदायिक विवाह ठरला. एक्कावन्न जोडपी, दहा हजार माणूस. समितीचे अध्यक्ष लीलाधरशेठ, जिनिंगवाले. शेठ माणूस कामाचा, पण एकदा सुरतेला एका लग्नाला जाऊन आले आणि त्यांना आपल्याकडचं सगळंच गावठी वाटायला लागलं. जमिनीवर बसून जेवणं गावठी, पळसाची पानं गावठी, आणि पानात टाकू नका म्हणून डोक्यावर उभी राहणारी बाई तर फारच गावठी. त्यांनी सुरतेहून हिरव्या कागदी पत्रावळी मागवल्या, केळीच्या पानासारख्या दिसणाऱ्या, चकचकीत. दरवर्षी सातपुड्याच्या पायथ्याकडून पळसाच्या पत्रावळींचे भारे घेऊन येणारी धनीबाई यंदाही भारे घेऊन आली. तिला मांडवाच्या फाटकावरूनच परत पाठवलं. येताना दिलेलं एसटीचं भाडं तरी द्या, असं ती म्हणत होती.

मंदाबाई आखाजीच्या आदल्या दिवशी शेठकडे गेली. हातात एक हिरवी पत्रावळ होती. तिने ती नखाने खरवडली तसा वरचा पातळ पापुद्रा सुटून नखाला चिकटला.

"हाऊ नुसता कागद नही शे, भाऊ. वरथून प्लास्टिक शे. गाय खाई त मरी जाई."

शेठ हसले. म्हणाले, गाईला खायला कोण सांगतंय? माणसं जेवतील आणि टाकून देतील. हा माणूस स्वतःच्या तोंडाने काय बोलून गेला, ते त्याला कळलंही नाही.

आखाजीला काय झालं ते मी सांगतो, आणि सांगताना आजही माझं डोकं फिरतं. उभ्याने जेवण. ज्याने त्याने आपल्या हाताने वाढून घ्यायचं. वाढप्याने वाढलेलं माणूस नको म्हणतो, स्वतः घेताना मात्र त्याला भान राहत नाही. पत्रावळीवर बट्टीचे डोंगर, वर वांग्याच्या भाजीचा चिखल, त्यावर तुपाची धार, कडेला जिलेबी. चार घास खायचे, घाम येतो म्हणायचं आणि पत्रावळ कनातीमागे भिरकावायची. पोरं जिलेबीची अर्धी कडी चोखून टाकत आणि आया कौतुकाने बघत. ज्या लोकांनी बहात्तरच्या दुष्काळात सुकडी खाऊन खडी फोडली, तीच ही माणसं. दुपारी तीनपर्यंत कनातीमागे छातीएवढा ढीग झाला. खाऊन माजावं, टाकून माजू नये, असं आपले जुने लोक सांगून गेले. यांनी ते फक्त ऐकलं.

मंदाबाई आणि तिच्या बरोबरच्या चार बाया टोपल्या घेऊन उभ्या होत्या. त्यांना कामच नव्हतं. तेवढ्यात कोणा पुण्यवानाच्या डोक्यात आलं की एवढं अन्न वाया कशाला घालवायचं, पांजरापोळात पाठवू, गाईंच्या तोंडी लागेल. शेठना ते एकदम पटलं. गावातल्याच हिलालचा ट्रॅक्टर आला. फावड्यांनी ढीग ट्रॉलीत भरला गेला, अन्न आणि पत्रावळी एकजीव. ट्रॉलीला झेंडूचे हार घातले, वर फलक लावला: गोग्रास. फोटोवाल्यालाही बोलावलं.

मंदाबाई ट्रॉलीसमोर आडवी झाली. घडीभर थांबा, आम्ही पाची जणी पत्रावळी वेचून काढतो, मग न्या, असं ती म्हणाली. पण फोटोवाल्याला धुळ्याची गाडी पकडायची होती. शेठ चारचौघांत बोलले, "अक्का, तुझं काम गेलं म्हणून तुझा जळफळाट चाललाय. पुण्याच्या कामात आडवी येऊ नकोस."

लोक हसले. मंदाबाईने हातातली टोपली ट्रॉलीच्या चाकावर फेकली.

"मंग तुमनं पुन्य तुम्हीनच येचा."

आणि ती घरी निघून आली. बाकीच्या बायाही तिच्यामागे आल्या. दार लावून ती संध्याकाळपर्यंत स्वतःशी धुसफुसत बसली. मोरी त्याच पांजरापोळात होती, हे तिला आठवत नव्हतं असं नाही. पण नाना शहाणा माणूस, तो बघून घेईल, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. तिकडे नानांना वाटलं, शेठनी पाठवलंय म्हणजे बघूनच पाठवलं असणार. वरणाचा वास, मिठाची चव. गाई पत्रावळी चाटूनपुसून, चावून खात होत्या आणि नाना डोळे भरून बघत होते.

पंधरा-वीस दिवसांनी पहिली गाय बसली. पोट टम्म, रवंथ बंद, शेण नाही. मग दुसरी. मोरीने गवत हुंगलं आणि तोंड फिरवलं, त्या दिवशी मंदाबाई गोठ्यातच राहिली. तिने तेल पाजलं, गूळ-ओवा दिला, पोट चोळून चोळून तिचे हात भरून आले. गुरांचे डॉक्टर आले, त्यांनी मान हलवली. मोरी तीन दिवस मान टाकून पडली होती आणि मंदाबाई तिच्या कानाशी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती. काय ते नानांनी ऐकलं होतं, पण त्यांनी ते कधीच कोणाला सांगितलं नाही. चौथ्या दिवशी मोरी गेली. एकूण सात गाई गेल्या.

डॉक्टरांनी साती गाईंची पोटं फाडून बघितली. मोरीच्या पोटातून मोठ्या कलिंगडाएवढा गोळा निघाला. पत्रावळींचा पीळ बसून दोरखंडासारखा घट्ट झालेला. कागद केव्हाच विरघळला होता, हिरवा पापुद्रा मात्र तसाच होता, रंगसुद्धा उडाला नव्हता. नाना तिथेच खाली बसले आणि कपाळावर मारून घ्यायला लागले. मंदाबाईने तो गोळा बादलीत घातला, विहिरीवर नेऊन धुतला आणि घरी आणला. पेपरात आलं की पांजरापोळातल्या सात गाई उष्माघाताने दगावल्या. विवाह समितीने सभा घेऊन दोन मिनिटं शांतता पाळली. पाळणारच. गप्प बसायला कुठे काही लागतं!

दिवाळीनंतर पुढच्या विवाहाची बैठक मारुतीच्या सभामंडपात भरली. मंदाबाई बोलावल्याशिवाय गेली आणि तो गोळा तिने सतरंजीच्या मधोमध ठेवला. पंचवीस-तीस माणसं होती. कोणी नाकाला रुमाल लावला, कोणी छताकडे बघितलं. ती तासभर बोलली असेल. कोणाचाही मुलाहिजा ठेवला नाही. सगळं ऐकून झाल्यावर शेठनी शांतपणे विचारलं, "पानं उचलण्यात तुझा जन्म गेला. तुला एकटीला कळत होतं. मग त्या दिवशी टोपली फेकून घरी का गेलीस?"

हा माणूस मूर्ख नव्हता. नेमकं तिथेच बोट ठेवलं त्याने. सभामंडपात सगळे मंदाबाईकडे बघायला लागले. तिची मान पहिल्यांदा खाली गेली.

"मी राग धरा, पत्रावळी येची नहीत," ती म्हणाली. "अर्धं पाप मनं शे, ते मी लेस. बाकीनं अर्धं कोन लेस?"

कोणी घेतलं नाही. उरलेलं अर्धं आपलं आहे असं कोणाला वाटेना. बैठक पुढे चालली आणि ठराव झाला: सुरतेच्या पत्रावळी बऱ्याच शिल्लक आहेत, त्या यंदाही वापराव्यात, मात्र उष्टं पांजरापोळात न पाठवता मागच्या नाल्यात टाकावं. त्या नाल्यावर पांजरापोळाची गुरं पाणी प्यायला उतरतात, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. नाना उठून सांगायला लागले तर त्यांना वेळ झाली म्हणून बसवलं. गोळा सतरंजीवर तसाच राहिला, तो मंदाबाईने पदराखाली घेऊन परत नेला.

पुढच्या आखाजीला ती मांडवात गेली नाही. सकाळपासून पांजरापोळाच्या फाटकासमोर रस्त्यात बसून राहिली. नाल्याकडे जायला तोच रस्ता, आणि मांडवाकडून धुळ्याला जाणाऱ्या गाड्यांनाही तोच. दुपारी हिलाल ट्रॉली घेऊन आला. मंदाबाई उठली नाही. हिलालने इंजिन बंद केलं. गेल्या वर्षी हार घातलेली ट्रॉली त्यानेच चालवली होती आणि वर्षभर तो पांजरापोळासमोरून जाताना मान वर करत नव्हता. तिने त्याला एवढंच सांगितलं की इथेच ओत. त्याने ट्रॉली मागे घेतली, वर उचलली, आणि दहा हजार माणसांचं उष्टं भर रस्त्यात सांडलं.

नाना आतून दोन घमेली घेऊन आले. दोघं वेचायला बसली. एका घमेल्यात पत्रावळी, दुसऱ्यात अन्न. हिलालही बसला. थोड्या वेळाने मांडवाकडून गाड्यांची रांग आली आणि अडली. पहिल्या जीपमध्ये धुळ्याहून आलेले पाहुणे होते, त्यांना पोचवायला लीलाधरशेठ स्वतः निघाले होते, पांढरं धोतर, खांद्यावर जरीचं उपरणं. मागच्या गाड्यांचे भोंगे वाजायला लागले. शेठ उतरले. त्यांनी समजावलं, मग धमकावलं, मग हिलालकडे बघितलं. हिलालने मान खाली घालून एक पत्रावळ झटकली. बाजूने गाडी काढायला जागा नव्हती. पाहुणे खिडकीतून डोकावून विचारत होते, हे काय चाललंय.

"बसा शेठ," मंदाबाई म्हणाली आणि तिने समोरच्या सगळ्या ढिगाकडे हात केला. "बठ्ठं आठेच शे."

शेठ बसले. मनापासून नव्हे, पाहुण्यांसमोर दुसरं काही सुचेना म्हणून. उपरणं सावरत त्यांनी ढिगात हात घातला. आत सगळं कोमट होतं, उन्हाने आंबलेलं. वरणातून ओढून एक पत्रावळ काढली, तिच्यासोबत बट्टीचे चार अख्खे तुकडे आले, दात न लागलेले. दुसरीवर तशीच जिलेबी. शेठचं तोंड हळूहळू उतरत गेलं. एवढं टाकलं जातं हे त्यांनी कधी जवळून बघितलंच नव्हतं, कारण त्यांचं पान नेहमी दुसऱ्या कोणी तरी उचललेलं होतं. दहा-पंधरा पत्रावळी वेचल्यावर ते उठले. मोटारीतून पाणी मागवलं, साबण मागवला, दोनदा हात धुतले, हुंगले, पुन्हा धुतले. मग कसंनुसं हसून म्हणाले की काही केल्या हाताचा वास जात नाही.

मंदाबाईने वर बघितलं नाही. तिचे हात कोपरापर्यंत ढिगात होते.

"सात गायीस्ना पोटमाईनबी हाऊच वास उना व्हता," ती म्हणाली आणि पुढची पत्रावळ ओढली.