गाळीबाई

आमच्या पहिलीच्या बाई वर्गात आल्या की आधी गाल टम्म फुगवायच्या, मग फुस्स करून विचारायच्या, "तोंडात काय हाय?" आम्ही बेंबीच्या देठापासून ओरडायचो, "गाळी!" बाई धारवाडकडच्या, मायबोली कानडी. कानडीत गाळी म्हणजे हवा. आमच्या रामनगरच्या बाजूला मात्र गाळी म्हणजे शिवी.

बाई पपईच्या पानाचा पोकळ देठ पाण्यात बुडवायच्या आणि वरच्या टोकावर बोट दाबून उचलायच्या. पाणी देठातच! बोट काढलं की भसकन खाली. "वरून गाळी आत आला, पाणी पळाला," असं त्यांचं मराठी. मला त्या मराठीसकट बाई फार आवडायच्या.

एकदा आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शाळेत काय शिकवतात म्हणून विचारलं. मी ऐटीत सांगितलं, "गाळी! पेल्यात हाय, पोटात हाय, तुमच्या तोंडात बी हाय." आप्पांच्या तोंडात ती होतीच, साऱ्या गावाला ठाऊक होतं. त्यामुळे त्यांना ते जास्तच झोंबलं.

दुसऱ्या दिवशी ते माझं बखोट धरून वर्गात. "बाई, पोरांस्नी गाळ्या शिकिवताय व्हय? उद्यापास्नं माझी पोरगी न्हाई यायची!"

बाई मात्र शांत. "आप्पा, बसा," म्हणाल्या. काचेचा पेला काठोकाठ भरला, वर लग्नपत्रिकेचा पुठ्ठा ठेवला आणि पेला त्यांच्या डोक्यावर उपडा करून हात काढला. थेंब पडला नाही. "बघा, खालून गाळी धरला हाय."

आप्पांनी वर पाहिलं, राहवेना म्हणून पुठ्ठ्याला बोट लावलं आणि नखशिखांत भिजले. एक सणसणीत शिवी त्यांच्या ओठांवर आली आणि बाईंकडे बघून तिथंच थांबली.

"गिळू नका आप्पा, पोट फुगेल!" बाई म्हणाल्या. आप्पाच आधी हसले. मग काय, दुसऱ्या दिवशी पपईचे देठ कापून तेच मला शाळेत सोडायला आले.

पुढे बाईंची बदली झाली, तरी फोन येत राहिले. बाईंसमोर आप्पांनी कधी वावगा शब्द काढला नाही.

गेल्या वर्षी आप्पा दवाखान्यात होते, नाकातोंडावर प्राणवायूचा मास्क. बाईंचा फोन आला तो मी त्यांच्या कानाला लावला. मास्क बाजूला करून ते कसेबसे म्हणाले, "बाई, तोंडात गाळी न्हाई उरली आता."

पलीकडून बाई म्हणाल्या, "असं कसं? एक द्या बघू. मोठा द्या."

आप्पांनी होता नव्हता तेवढा श्वास गोळा केला आणि इतक्या वर्षांची अडलेली ती शिवी खणखणीत दिली. नर्स दचकली. मी हसत होते आणि रडतही होते.

फोनमधून बाईंचा आवाज आला, "बघा आप्पा, हाय की अजून!"