मुरुडच्या प्रयोगातला कावळा

नवऱ्याला मारणारी बाई मी केलीय. नाटकात. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण लातूरजवळच्या आमच्या मुरुडात काही जणांना तो फरक अजून कळलेला नाही.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता आणि मी नव्या कलेक्टर कचेरीत टायपिस्ट होते. कचेरी नवी, खुर्च्या नव्या, माठ मात्र कोरडा, कारण पावसानं पाठ फिरवली होती. संध्याकाळी आम्ही नाटक बसवायचो. कॉलेजात इंग्रजी शिकवणारे एक सर आमचे दिग्दर्शक. त्यांनी चारशे वर्षांपूर्वीचं एक इंग्रजी नाटक शोधून काढलं, पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातलं. लिहिणारा कोण, पत्ता नाही. तिकडंही फारसं कुणी करत नाही म्हणे. बायको आणि तिचा यार मिळून नवऱ्याला घरातच मारतात. मग ती प्रेताजवळ गेली की जखमेतून ताजं रक्त वाहायला लागतं आणि गावाला कळतं, हिनंच मारलं. सरांनी सगळं आपल्याकडच्या माणसांवर बेतलं होतं. रक्त तेवढं तसंच ठेवलं.

लातूरच्या पहिल्या प्रयोगात मी प्रेताजवळ गेले, सदऱ्याखालच्या रबरी नळीतून लाल पाणी उडालं, आणि मागून एक जण ओरडला, "नळ आला रे! घागरी आना!" झालं. आठवडा आठवडा नळाची वाट बघणारं गाव ते, पोट धरधरून हसलं. प्रेतसुद्धा हसलं, पोट हलताना मी स्वतः बघितलं.

दुसऱ्या दिवशी सर डोकं धरून बसले. मी म्हणाले, "रक्त काढा. कावळा ठेवा." दहाव्याला पिंड ठेवायचा, सगळ्यांनी हात जोडून मेलेल्याला शब्द द्यायचे, तरी कावळा शिवत नाही. शेवटी बायको म्हणते, मीच मारलं यांना, आणि कावळा शिवतो. सर म्हणाले, "बाई, आमच्या घरात हे सगळं छप्पन साली बौद्ध झालो तेव्हाच बंद झालं. आन् आता माझ्याच हातानं पिंड ठिवायला लावता व्हय?" पण प्रवेश त्यांनी एका रात्रीत लिहून आणला.

मला कावळा सुचला तो काही कलेतून नाही. वर्षभरापूर्वी अप्पा गेले, माझे वडील. जुना दमा, त्यात त्या साली नुसती धूळ. पण गावाचं म्हणणं, पोरीच्या नाटकानं बाप खचला. दहाव्याला पिंड ठेवला आणि कावळा बाभळीवर बसून राहिला. दादानं शब्द दिले, चुलत्यांनी दिले. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. "म्हन की, नाटक सोडते म्हन!" मी नाही म्हटलं. जिवंतपणी बापाशी भांडले असते, मेल्यावर खोटं कशाला बोलू? उन्हं कलली, शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. तिथंच दादा म्हणाला, "बापाचा जीव तुज्यापायी अडकला. नाटक सोडल्याबिगर ह्या घराची पायरी चढायची न्हाई." आई खाली मान घालून बसली होती. त्यानंतर मला आई दिसली नाही.

आणि पुढचा प्रयोग ठरला मुरुडला! शाळेच्या मैदानात, भर दुपारी, कारण संध्याकाळी टँकर यायचा आणि टँकर सोडून नाटकाला कोण येणार? तालमीत खऱ्या भातावर कावळे तुटून पडायचे, म्हणून आम्ही चुन्या-मातीचा गोळा पिंड म्हणून ठेवायचो आणि आतून एक जण कावकाव करायचा. पण प्रयोगाच्या आधी आमच्या घराशेजारची काकू आली, पदराखाली पान. त्यात भाताचा गोळा, वर दही. "घरात खपून केलाय कुनीतरी. खोटा पिंड गावात ठिवू नगा म्हनाली." कुणी ते मी विचारलं नाही. दह्यावर चिमूटभर तीळ होते, अप्पांना लागायचे तसे.

दादा पुढंच बसला होता, हाताची घडी घालून. पिंडाचा प्रवेश आला. मैदानाच्या कडेच्या लिंबावर कावळे ओळीनं बसले होते. दुष्काळातले उपाशी कावळे! समोर दहीभात, आणि एकही हलेना. एकेक पात्र शब्द देत होतं आणि लोक वर लिंबाकडं बघत होते. आत कावकाव करणारा गडीही गप्प झाला. माझी पाळी आली. मी म्हणाले, "मीच मारलं त्यांना."

एक कावळा खाली आला आणि पिंडाला शिवला.

कुणी टाळी वाजवली नाही. माणसं उभी राहिली आणि हात जोडले. मला पुढची वाक्यं आठवेनात. सर आतून सांगत होते, मला ऐकू येत होतं, तोंड उघडत नव्हतं. पडदा ओढला तेव्हा सर म्हणाले, "भूक लागली असंल हो त्याला, दुसरं काय?" पण पडदा बाजूला सारून ते लिंबाकडंच बघत होते.

दादा मागं आला. माझा दादा, कधी डोळ्यांत पाणी न आणणारा, लहान पोरासारखा रडत होता. "कबूल केलंस. अप्पा सुटले बघ. चल घरी."

अरे, ते वाक्य नाटकातलं होतं! जिभेवर आलं होतं माझ्या. मी ते गिळलं आणि चपला घातल्या.

आईनं दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि जेवायला वाढलं. दादा टँकरकडं गेल्यावर तिनं हळूच विचारलं, "ते नाटकातलंच व्हतं ना गं?"

"हाव."

"मला ठाऊक हाय. भावाला सांगू नको."

"पिंड तूच पाठवलास ना?"

"मग काय करू? त्यो माजं ऐकत न्हाई. म्हनलं, कावळ्याचं तरी ऐकंल."

"पण आई, कावळा त्याच वाक्याला कसा आला?"

तिनं भाजीत पळी घातली, पण वाढली नाही. "ते मला काय ठाऊक, बाई," ती म्हणाली. "जेव."

मी जेवले. नाटक सोडलं नाही, आणि दादानं परत कधी सोड म्हटलं नाही. अजून घरी पाहुणे आले की तो कौतुकानं सांगतो, हिनं कबूल केलं आन् अप्पा सुटले. मी मान हलवते. त्या घरात मी बापाला मारणारी लेक आहे, म्हणून तर मला दार उघडं आहे.