आईला आत बसू देणाऱ्या कुसुमताई

कुसुमताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त गोड लिहा, असं बालवाडीच्या समितीने कळवलं आहे. मला जमणार नाही. ताईंबद्दल आदर आहे, म्हणूनच जमणार नाही.

पहिल्याच भेटीत मी त्यांची बोलणी खाल्ली. घाटकोपरच्या डोंगरावरच्या त्यांच्या बालवाडीत माझ्या सईला घेऊन गेले होते. ती ठोकळ्यांत रमली आणि मी नजर चुकवून सटकले. सगळ्याच आया तसंच करायच्या. ताई पायऱ्या उतरून मागे आल्या. "पळतेस काय गं चोरासारखी? आता ती खेळेल, की दाराकडे बघत बसेल? चल, तिला सांगून जा." सांगितलं, तर सईने भोकाड पसरलं. "मग बस आत. ती जा म्हणेपर्यंत."

नऊ दिवस मी भिंतीला टेकून भाजी निवडत बसले. दहाव्या दिवशी सई म्हणाली, "आई, तू जा ना आता." पायऱ्यांवर रडले ती मी.

त्याच ताईंनी, सईचा डबा उघडायला गेले तेव्हा माझा हात धरला. पोरगी झाकणाशी झटली, अर्धे पोहे सांडले, उरलेले तिने खाल्ले. "सांडू दे. जन्मभर उघडून द्यायला येणारेस?" पुढे सई दहावीला गणितात नापास झाली. कुठे दडली नाही, थेट घरी आली. म्हणाली, "आई, उडाले. परत बसते." ही ताईंची कमाई.

नंतर त्यांनी मला शिक्षिका म्हणून घेतलं. घरकाम करणाऱ्या एका आईला वर्गात बसायला सुट्टी मिळेना, तेव्हा ताई तिच्या मालकिणीकडे गेल्या, "आठवडाभर भांडी मी घासते" म्हणाल्या आणि खरंच घासली.

आणि आता? ताई निवृत्त झाल्या आणि समितीने त्यांचा नियमच मोडीत काढला. आया फाटकाबाहेर. वर्गात कॅमेरा, म्हणजे त्यांना दिवसभर मोबाइलवर बघता येईल. रडणाऱ्या मुलाला आई मिळत नाही, आणि डब्याशी झटणाऱ्याला ती सुखाने झटू देत नाही, लगेच फोन येतो, "टीचर, त्याला उघडून द्या ना, मी बघतेय!" मी भांडले, तर एक विश्वस्त म्हणतात, "मॅडम, दोन दिवस रडतात, मग गप होतात." अहो, गप होणं आणि सावरणं एकच का? काही लाज? आणि हेच लोक ताईंना शाल पांघरवणार!

येत्या जूनमध्ये पहिल्या दिवशी मी आयांना आत घेणार आहे. मला काढायचं तर खुशाल काढा.

ताई, तुम्ही मात्र गुडघे सांभाळा, साखर आटोक्यात ठेवा आणि ठणठणीत शंभरी गाठा. तुमचं काम गुंडाळून ही मंडळी तुमच्या फोटोला हार घालायला टपली आहेत. त्यांना ती संधी इतक्यात देऊ नका.